शिस्त आणि अंदाज

मराठी शिकारकथा वाचताना एक गोष्ट आम्हांला सतत खटकत आली आहे. तीत रान असते, चांदणे असते, वाऱ्याची दिशा असते, मचाणावरचे डास असतात, शिकाऱ्याच्या छातीतली धडधड तर असतेच. नसते ते फक्त काडतूस. ते कोणी भरले, कधी भरले, आदल्या काडतुसासारखेच ते होते की नव्हते, पावसाळाभर ते कुठल्या कोनाड्यात पडून होते, याबद्दल कथा चकार शब्द काढत नाही. बंदूक खांद्याला लागते, नेम धरला जातो, चाप ओढला जातो आणि जनावर कोसळते. नेम चुकलाच तर त्याचे खापर धुक्यावर, घाईवर किंवा नशिबावर फुटते. दारूवर, गोळीच्या बुडावर, दस्त्याच्या फुगलेल्या लाकडावर ते सहसा फुटत नाही.

कोणी म्हणेल, ही तपशिलाची उणीव झाली. कथेने दारूचे वजन कशाला सांगावे? आमचे म्हणणे असे की ही उणीव तपशिलाची नसून समजुतीची आहे. अचूकपणा ही डोळ्याची आणि काळजाची देणगी आहे, अशी एक दंतकथा या लेखनाने आपल्या मनात रुजवली. वास्तविक अचूकपणाचा मोठा हिस्सा बार उडण्याच्या कितीतरी आधी, घरात, टेबलावर, अत्यंत कंटाळवाण्या अशा कामात ठरून गेलेला असतो. हे काम आपल्या गद्याने पाहिलेच नाही. आणि ज्या गोष्टीकडे एखाद्या भाषेचे गद्य पाहत नाही, तिच्याकडे त्या भाषेत वावरणारे शासनही फारसे पाहत नाही, असा आमचा अनुभव आहे.

शासनाचा उल्लेख उगाच केला नाही. वऱ्हाडात बंदूक आणि नेम हा प्रश्न आज साहित्याचा उरलेला नाही, तो शेताचा झाला आहे. शेंदूरजनाघाटचेच उदाहरण घेऊ. अमरावती जिल्ह्यातल्या वरुड तालुक्यातले, सातपुड्याच्या पायथ्याचे, मध्य प्रदेशच्या सीमेला लागून असलेले हे नगरपरिषदेचे गाव. मुलूख संत्र्याचा, वरुड-मोर्शीच्या या पट्ट्याला 'विदर्भाचा कॅलिफोर्निया' म्हणण्याची पद्धतच आहे. येथल्या रोपवाटिकांतली संत्र्याची कलमे फार दूरपर्यंत जातात. डोंगर जवळ, म्हणून जनावरही जवळ. रानडुकरे रात्रीतून वाफेच्या वाफे उकरून ठेवतात, रोही कोवळ्या कलमांना तोंड लावतात आणि अंग घासून ती मोडतात, दिवसा वानरे असतातच. त्यामुळे जागलीला जाणे हा इथल्या शेतकऱ्याच्या आयुष्याचा भाग आहे. हातात काय असते? पत्र्याचा डबा, फटाके, बॅटरी, क्वचित गोफण.

गोफणीपाशी क्षणभर थांबले पाहिजे, कारण घरी तयार केलेल्या दारूगोळ्याचा आपल्याकडचा सर्वांत जुना नमुना गोफणगुंडा हाच आहे. ज्याने कणसांवरची पाखरे गोफणीने राखली आहेत तो हाताला येईल तो दगड उचलत नाही. ओढ्यातून तो गोल, गुळगुळीत आणि एका मापाचे गुंडे वेचून आणतो, माळ्यावर त्यांची रास करतो. का? दगड सारखा असेल तरच हाताला लागलेली सवय उपयोगी पडते. एक गुंडा पावशेराचा आणि दुसरा आतपावाचा निघाला, तर खांद्याने शिकलेले सारे वाया जाते. बंदुकीच्या अचूकपणाचे सगळे शास्त्र या निवडीत बीजरूपाने आले आहे, आणि त्यासाठी इंग्रजी येण्याची गरज पडली नाही.

आता कायदा पाहू. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे तेरावे कलम परवान्यासंबंधी आहे. त्याच्या तिसऱ्या पोटकलमात म्हटले आहे की, पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी नागरिकाला हवी असल्यास ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा. ती पुरेशी पडणार नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाली, तर दुसरी एखादी गुळगुळीत नळीची बंदूक देता येईल, असे परंतुकही तिथेच आहे. म्हणजे शेतकऱ्याचा हक्क जिथून सुरू होतो ते हत्यार ठासणीचे. याच्या जोडीला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ ठेवा. उभ्या पिकाची नासधूस करणारे जनावर मारण्याची परवानगी त्याच्या अकराव्या कलमाखाली मिळू शकते, आणि महाराष्ट्रात २०१५ साली शासनाने रानडुक्कर व रोही यांच्यासाठी ही वाट काहीशी सोपी केली. एक कायदा म्हणतो, परवानगी घेऊन मारा. दुसरा म्हणतो, मारायचे तर नळीच्या तोंडातून दारू ठासून मारा. दोन्ही कायदे शेजारी ठेवून वाचल्याची खूण कुठे दिसत नाही.

ठासणीच्या बंदुकीत विकतचे काडतूस नसतेच. प्रत्येक बार हा घरगुती. शिंगातून दारू ओतायची, वर चिंधीचा किंवा काथ्याचा बोळा, मग गोळी किंवा छर्रे, पुन्हा बोळा, आणि गजाने ठासायचे. किती दारू, किती जोराने ठासली, बोळा ओला की कोरडा, हवेत दमटपणा किती, यांतले काहीही दोन बारांना सारखे नसते. शिवाय नळी आतून गुळगुळीत. गोळी सहज आत उतरावी म्हणून ती नळीपेक्षा लहान घ्यावी लागते. इंग्रजांची प्रसिद्ध 'ब्राऊन बेस' बंदूक घ्या: नळीचा व्यास पाऊण इंच आणि गोळी त्याहून सुमारे सहा शतांश इंचाने बारीक. अशी गोळी नळीतून आपटत आपटत बाहेर येते, शेवटी ज्या बाजूला आपटेल तिच्यानुसार स्वतःभोवती फिरते आणि फिरकीच्या चेंडूसारखी वळते. बेंजामिन रॉबिन्सने १७४२ मध्ये 'न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी' या ग्रंथात तोफविद्येला गणिताच्या पायावर उभे केले, आणि गोळी बाजूला का वळते याचे कारण तिच्या या भोवऱ्यात आहे हेही त्यानेच दाखवले. पन्नास-साठ पावलांपलीकडे अशा गोळीचा भरवसा कोणी देऊ शकत नाही, मग डोळा कितीही तीक्ष्ण असो.

मराठी भाषेत मात्र या बंदुकीने ठाण मांडले आहे. आपण एखादी गोष्ट 'ठासून' सांगतो. एखाद्याचा 'बार फुसका' निघतो. कार्याचा 'बार उडवून' देतो. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणाऱ्यांची आपल्या वाङ्मयीन वर्तुळात तर कधीच वाण नव्हती. नळीच्या टोकावरच्या ज्या इवल्या उंचवट्यावरून नेम धरायचा त्याला आपण 'माशी' म्हणतो, आणि तोफ डागणारा गोलंदाज आज क्रिकेटच्या मैदानावर चेंडू टाकतो. भाषेने ठासणीची बंदूक सांभाळली, पण तिच्यामागून आलेली रायफल तिने फारशी आत घेतली नाही. बोल्ट, मॅगझिन, ट्रिगर हे शब्द आले तसे राहिले. त्यांचे वाक्प्रचार झाले नाहीत.

या दोहोंच्या मधला दुवा आपल्या वाङ्मयात एकदा मोठ्या नाट्यमय रीतीने येऊन गेला आहे. विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'मध्ये काडतुसे येतात ती चरबीच्या वार्तेसह. हे पुस्तक १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केले. १८५३ च्या एनफील्ड बंदुकीचे ते काडतूस कागदाचे होते. दाताने तोडायचे, दारू नळीत ओतायची, मग गोळी. नळीला आतून पीळ, आणि उडताना फुगून त्या पिळात घट्ट बसणारी गोळी. म्हणून ती सरळ जाई. मापलेली दारू आणि मापलेली गोळी त्या काडतुसात एका पुडीत बांधून दिलेली असे. इतिहासाने त्याची चरबी लक्षात ठेवली, माप विसरला. चरबीवरून राज्य हादरले हे खरेच आहे, पण आपल्या शिपायांच्या हाती होती ती एकसारखेपणाची पुडी होती, हेही कुणीतरी शिकवायला हरकत नाही.

आता स्वस्त बोल्ट-रायफलीकडे. भारतात सामान्य परवानाधारकाची रायफल म्हणजे 'तीनशे पंधरा'. तिची कुळकथा मोठी बोलकी आहे. लष्कराची .३०३ ही बंदूक नागरिकांच्या हाती पडू नये म्हणून इंग्रज सरकारने त्या मापावर बंदी घातली. तेव्हा विलायतेतल्या कारखानदारांनी ऑस्ट्रियाच्या मानलिखर काडतुसाचे आठ मिलिमीटरचे माप उचलले आणि हिंदुस्थानच्या बाजारासाठी त्याच्या रायफली बनवल्या. स्वातंत्र्यानंतर बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्याने ली-एनफील्डच्या धर्तीवर हीच .३१५ पुढे चालू ठेवली. १८६९ पासून चालत आलेल्या आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची 'केएफ' ही मुद्रा शिकारी मंडळींच्या तोंडी बसली. २०२१ च्या ऑक्टोबरात आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन त्याच्या सात कंपन्या झाल्या, तेव्हा खडकी 'म्युनिशन्स इंडिया'कडे गेली आणि इशापूर 'ॲडव्हान्स्ड वेपन्स'कडे. म्हणजे एका परकीय सरकारच्या भीतीतून जन्मलेले माप शंभर वर्षांनंतरही आपल्या परवान्यांवर लिहिलेले आहे. असो.

अशी साधी, स्वस्त रायफल अचूक करता येते काय? ज्या देशांत काडतूस घरी भरण्यास मुभा आहे, तिथे या प्रश्नाचे उत्तर लाखो लोकांनी आपापल्या गॅरेजात शोधले आहे. अमेरिकेत १९५८ मध्ये निकोलस ब्रूअर यांनी आखलेली सॅव्हेज कंपनीची ११० ही रायफल बाजारात आली. नळी आणि बोल्ट यांच्यातले अंतर नेमके जुळवणे हे एरवी निष्णात कारागिराचे काम; तिथे नळीवर एक नट बसवून ते काम सोपे आणि स्वस्त करून टाकले होते. दिसायला ओबडधोबड, किंमत कमी, आणि तरीही गोळ्या एका जागी टाकणारी, अशी तिची ख्याती झाली. महागड्या बंदुकांच्या मालकांना याचा त्रास झाला असणार, आणि आम्हांला त्याचा थोडा आनंदही होतो.

अचूकपणा मोजायचे त्यांचे माप पाहण्यासारखे आहे. अंशाचा साठावा भाग हे ते माप. शंभर यार्डांवर ते एक इंचाहून किंचित जास्त भरते. आपल्या पंचांगात याला शब्द आहे: राशी, अंश, कला, विकला यांतली 'कला'. चांगली रायफल एका कलेच्या आत गोळ्या टाकते. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या शब्दाशी हवा तेवढा खेळ करावा. आम्ही फक्त एवढेच म्हणतो की मराठीत हे माप आहे आणि नेमबाजीवर लिहिणाऱ्यांनी ते बेलाशक वापरावे.

आता या एका कलेपर्यंत पोहोचायचे कसे? काडतुसाचे भाग चार: पितळेचे नळकांडे, बुडाची टोपी, दारू आणि गोळी. कारखान्याला आपले काडतूस त्या मापाच्या प्रत्येक बंदुकीत बसावे असे करायचे असते, त्यामुळे ते कोणत्याच बंदुकीत तंतोतंत बसत नाही. एकदा बार झाला की दाबाने पितळ फुगते आणि ज्या बंदुकीत ते उडाले तिच्या पोकळीचा नेमका आकार घेते. घरी भरणारा माणूस ते नळकांडे जपतो, फक्त त्याची मान पुन्हा आवळतो, आणि पुढच्या खेपेला ते त्याच बंदुकीत बेतून शिवलेल्या अंगरख्यासारखे बसते. दारू तो तोलून घालतो. तोल ग्रेनमध्ये, एक ग्रेन म्हणजे आपल्या गुंजेच्या निम्म्याहून जरासा अधिक, आणि त्याचा तराजू त्या ग्रेनचाही दहावा भाग दाखवतो. सोनाराने हेवा करावा असे हे काम. मग गोळी किती खोल बसली ते तो प्रत्येक वेळी मोजतो.

इथे एक सूक्ष्म गोष्ट आहे, तिच्याकडे नवशिक्यांचे दुर्लक्ष होते. दारूच्या वजनातला बारीक फरक शंभर यार्डांवर फारसा जाणवत नाही. वेग थोडा कमीजास्त झाल्याने गोळी किती खाली पडेल हे तीनशे-चारशे यार्डांवर दिसू लागते. जवळच्या पल्ल्यावर खरा घात करते ती गोळी स्वतः. फ्रँकलिन मान या अमेरिकन माणसाने आयुष्याची कितीतरी वर्षे या एका शोधात घालवून १९०९ मध्ये गोळीच्या प्रवासावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने गोळ्यांची बुडे मुद्दाम बिघडवून पाहिली, तोल मुद्दाम एका बाजूला सारून पाहिला. बुड तिरके असलेली किंवा आतून एकीकडे जड असलेली गोळी नळीतून सुटताच वाट सोडते, हे त्याने दाखवले. गोळी आतून कशी आहे हे नेमबाजाला दिसत नाही. त्यावर डोळ्याची तीक्ष्णता काय करणार?

बंदुकीकडेही तेवढेच पाहावे लागते. बार होताना नळी छेडलेल्या तारेसारखी थरथरते आणि गोळी त्या थरथरीतच बाहेर पडते. प्रत्येक गोळी थरथरीच्या त्याच टप्प्यावर बाहेर पडली तर भोके जवळ जवळ पडतात. म्हणून दारूचे निरनिराळे तोल करून पाहायचे आणि त्या विशिष्ट बंदुकीला जो मानवतो तो धरायचा. नळीचे तोंड एका कडेला जरी झिजले असले तरी वायू त्या बाजूने आधी निसटतो आणि गोळीला धक्का देतो. लाकडी दस्ता पावसाळ्यात फुगतो, नळीला एका अंगाने दाबू लागतो, आणि मे महिन्यात मध्यावर लागणारी बंदूक ऑगस्टात वीतभर बाजूला मारते. ली-एनफील्डच्या घराण्यातल्या, नळीभर लाकूड असलेल्या बंदुकांचे हे जुने दुखणे आहे. आमच्या शिकारकथांतले कितीतरी 'हुकलेले' वाघ प्रत्यक्षात फुगलेल्या लाकडाने वाचवले असतील!

आणि या सगळ्याची परीक्षा कशी घ्यायची? तीन गोळ्या जवळ जवळ लागल्या म्हणून बंदूक अचूक, असे म्हणायची चाल आहे. तीन गोळ्या योगायोगानेही जवळ पडतात. दहा झाडल्या म्हणजे खरे रूप कळू लागते. (तीन कवितांवरून कवी ठरवणाऱ्या संपादकांना हे सांगून पाहावे, असे मनात येते.)

हे सारे वाचताना आम्हांला शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिका आठवतात, आणि तुलना ओढूनताणून आणलेली आहे असे आम्हांला वाटत नाही. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधणारा कारागीर सालीला तोच काप देतो, तेवढ्याच उंचीवर देतो, डोळा तितकाच खोल सरकवतो आणि पट्टी तितकीच आवळतो. हे तो दिवसातून शेकडो वेळा करतो. त्याचे एखादे कलम उत्तम आले याला किंमत नसते, सगळी सारखी आली याला असते. बाग लावणाऱ्याला पाच वर्षांनंतर फळ दिसणार. आज त्याने विकत घेतलेला असतो तो या हाताचा एकसारखेपणा. घरी काडतूस भरणारा आणि डोळा बांधणारा, दोघांची विद्या एकच. दोघांच्याही वाट्याला आपल्या कथेत फारसे काही आलेले नाही.

भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवणे हा गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा हत्यार व दारूगोळा बनवण्याची शिक्षा फारच कडक झाली आहे. तो निर्बंध सैल करावा असे आम्ही म्हणत नाही. दारूशी घरगुती खेळ करण्याची किंमत आपल्या भागाने पाहिली आहे. २०२५ च्या दिवाळीत शेजारच्या मध्य प्रदेशात पाइप आणि कार्बाइडच्या आवाजी बंदुकांनी कितीतरी मुलांचे डोळे गेले किंवा जायबंदी झाले, आणि या बंदुका मुळात शेतातून जनावरे हाकलण्यासाठीच निघाल्या होत्या. आमचा मुद्दा निराळा आहे. काडतूस घरी भरता येत नाही, तेव्हा विकतच्या काडतुसांतून एकसारखी निवडणे हाच मार्ग उरतो, आणि तो पैशाचा मार्ग आहे.

ऑलिंपिकचे नेमबाज हेच करतात. त्यांचे .२२ चे काडतूस घरी भरण्यासारखे नसतेच. तेव्हा कारखान्याच्या एकेका खेपेतली काडतुसे आपल्या नळीतून झाडून पाहायची, आणि जी खेप मानवली तिच्यातली जमेल तेवढी घेऊन ठेवायची. पन्नास मीटरवरच्या त्यांच्या निशाणाचे दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते, म्हणजे करंगळीच्या नखाएवढे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलच्या तिन्ही स्थितींच्या प्रकारात ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक घेतले. तेव्हा वर्तमानपत्रांनी एकाग्रतेवर रकाने लिहिले. त्याच बातम्यांच्या पोटात एक ओळ होती: सरावासाठीच्या काडतुसांपायी शिक्षक वडिलांनी कर्ज काढले होते. आमच्या मते अग्रलेख त्या ओळीवर व्हायला हवा होता. त्याआधी २०१० मध्ये कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत म्युनिकला विश्वविजेती झाली, तेव्हाही आपण डोळ्याचेच कौतुक केले.

भाषेला मात्र हे ठाऊक होते. 'शिस्त' हा शब्द आज आपण शाळेच्या फळ्यावर लिहितो. पण तो फारसीतून आला तो नेम या अर्थाने. मूळ 'शस्त' म्हणजे अंगठा, आणि धनुर्धर अंगठ्यात घालतो ते वेढेही. शिस्त धरणे म्हणजे नेम धरणे. त्यावरून रेषेतला सरळपणा, त्यावरून वागण्यातला नेटकेपणा. म्हणजे नेमाचा शब्द एकसारखेपणाचा शब्द झाला, आणि हा प्रवास आम्हांला फार अर्थपूर्ण वाटतो. दुसरा शब्द 'अंदाज'. तीरंदाज, गोलंदाज यांत तो 'फेकणारा' या अर्थाने आहे, आणि एकटा उभा राहिला की मराठीत त्याचा अर्थ अदमास होतो. आपली शिकारकथा अंदाजावर पोसली गेली. शिस्तीशी तिची ओळख झाली नाही.

अपवाद शोधायचा तर मराठी वाचकाने आपलासा केलेला जिम कॉर्बेट आहे. 'जंगल लोअर'मध्ये त्याने आपली पहिली बंदूक वर्णिली आहे: ठासणीची, दुनळी, उजवी नळी चिरलेली, आणि दस्ता पितळेच्या तारेने बांधून सांभाळलेला. फुटकी नळी वापरायची नाही, ही तिची पहिली अट. साधनाची खोड ओळखून तिच्याभोवती सवय बांधणारा हा मुलगा पुढे नरभक्षकांसमोर उभा राहिला. त्याच्या धैर्याची गोष्ट आपण भाषांतरित करून घेतली, तारेची विसरलो.

आता पुन्हा रानडुकराकडे, कारण जिवाचा प्रश्न तिथे आहे. चुकलेला नेम म्हणजे वाचलेले जनावर नव्हे. पुष्कळदा तो फुटलेला जबडा असतो, पोटात गेलेले छर्रे असतात, आणि उसात किंवा तुरीत शिरून दोन-तीन दिवस मरत राहिलेले जनावर असते. जखमी डुक्कर पहाटे शेतात जाणाऱ्या बाईवर धावून येते ते वेगळेच. आणि परवानगीची वाट धड नाही, बंदूक धड नाही, असे झाले की माणूस कुंपणात वीज सोडतो. त्या विजेला नेम लागत नाही. तिने विदर्भात डुकरांबरोबर वाघही मारले आहेत आणि माणसेही.

प्रत्येक संत्राबागेत रायफल द्यावी, अशी मागणी आम्ही करणार नाही. रायफलीची गोळी बागेच्या पलीकडच्या वस्तीपर्यंत जाते, हे विसरून चालणार नाही. पण परवानगी देणाऱ्याने बंदूक आणि बार तपासलाच पाहिजे, एवढे म्हणण्यात काही अवघड नाही. नॉर्वेत मोठ्या जनावरांच्या शिकारीआधी शिकाऱ्याला दरवर्षी परीक्षा द्यावी लागते: शंभर मीटरवर पाच गोळ्या, आणि पाचही तीस सेंटिमीटरच्या वर्तुळात. त्यात माणसाचा डोळा, बंदूक आणि काडतूस या तिघांची एकदम परीक्षा होते. आपल्याकडे अर्जाला सातबारा लागतो, पंचनामा लागतो, जनावराने केलेल्या नुकसानीचा तपशील लागतो. ज्या हत्याराने ते मारायचे त्याबद्दल परवाना क्रमांकापलीकडे विचारण्याची रीत नाही.

वनखात्याने वरुडसारख्या तालुक्यात पावसाळ्यानंतर एक दिवस ठेवावा. पोलिसांच्या चांदमारीच्या जागेवर चाळीस पावलांवर डुकराच्या आकाराचा पुठ्ठा उभा करावा, खांद्यामागे ताटाएवढे वर्तुळ काढावे, आणि परवानगी मागणाऱ्याने स्वतःच्या बंदुकीतून, स्वतःच्या बाराने पाच वेळा झाडावे. ठासणीच्या कितीतरी बंदुका या कसोटीत उतरणार नाहीत असा आमचा कयास आहे. तसे झाले तर तो पुठ्ठाच पुरावा म्हणून अर्जाला जोडता येईल. ठासणीची बंदूक अपुरी ठरल्यास दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक द्यावी, हे परंतुक कायद्यात १९५९ पासून आहे. बारा बोअरची साधी बंदूक आणि खडकीची एकाच खेपेतली 'शक्तिमान' काडतुसे एवढ्याने चाळीस पावलांचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो. पाच भोकांचा पुठ्ठा जोडून त्या परंतुकाखाली पहिला अर्ज करायला शेंदूरजनाघाट हे ठिकाण अगदी योग्य आहे.